हात, विस्तव आणि माणूस

एक छोटासा प्रयोग करा. उजव्या हाताचा अंगठा तळहाताशी घट्ट मिटून धरा आणि त्या हाताच्या उरलेल्या चार बोटांनी शर्टाचे बटण लावून पाहा. जमले का? अंगठ्यावाचून हाताचे किती हाल होतात, ते लगेच कळेल.

सांगली जिल्ह्यातील विटा हे गाव गलाई कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे म्हणजे गलाई. विटा परिसरातील हे कारागीर भारतभर पसरले आहेत. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. भट्टीतली लालभडक मूस कारागीर चिमट्याने अलगद उचलतो. तेथे हात चुकून चालत नाही. चिंपांझीही काडीने वाळवी बाहेर काढतो, दगडाने कवच फोडतो. पण त्याचा अंगठा आखूड असतो आणि विस्तव पेटवणे त्याला येत नाही. मग माणूसच असा कसा झाला?

१८७१ साली चार्ल्स डार्विन यांनी एक मत मांडले. आपले पूर्वज दोन पायांवर उभे राहिले, त्यामुळे हात मोकळे झाले; मोकळ्या हातात हत्यारे आली आणि त्यांच्याबरोबर बुद्धीही वाढली. पुढे काही शास्त्रज्ञांना वाटू लागले, की आधी मेंदूच मोठा झाला असावा. १९७४ साली इथिओपियात सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा एक सांगाडा सापडला. त्याचे नाव ‘लूसी’. लूसी दोन पायांवर चालत होती, पण तिचा मेंदू आपल्या मेंदूच्या जेमतेम एकतृतीयांश होता. म्हणजे पाय आधी, मेंदू मागाहून! मात्र माणूस उभा का राहिला, याचे सर्वांना पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही. कोणी म्हणतात, अन्न वाहून नेण्यासाठी. कोणी म्हणतात, चालताना शक्ती कमी लागावी म्हणून.

आपल्या महाराष्ट्रातही आदिमानवाच्या खुणा आहेत. डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरा नदीकाठी नेवासे येथे उत्खनन केले. तेथे दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. दोन्ही बाजूंनी छिलके काढून त्यांना आकार दिलेला आहे. दगड फोडण्यापूर्वीच तो आकार कोणाच्या तरी मनात असला पाहिजे! त्या काळच्या माणसाची कवटी मात्र १९८२ साली मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा येथे अरुण सोनाकिया यांना सापडली.

आता विस्तवाकडे वळू. मेंदू आपल्या वजनाच्या फक्त २ टक्के असतो, पण शरीराच्या शक्तीपैकी सुमारे २० टक्के एकटाच खातो. ही शक्ती आली कोठून? रिचर्ड रँगहॅम हे शास्त्रज्ञ म्हणतात, शिजवलेल्या अन्नातून. कच्ची ज्वारी चावून पोट भरायचे ठरवले, तर जबडा दुखेल आणि पचनही नीट होणार नाही. तिचीच भाकरी सहज पचते. हे म्हणणे चटकन पटते. पण मोठ्या मेंदूचा माणूस सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी दिसू लागतो, आणि विस्तवाचा भक्कम पुरावा, दक्षिण आफ्रिकेतील एका गुहेतली राख, १० लाख वर्षांपूर्वीचा आहे. मग मधल्या ९ लाख वर्षांची राख कोठे आहे? काही शास्त्रज्ञ म्हणतात, मांस आणि दगडाने ठेचलेले कंद यांनीही तेवढी शक्ती मिळाली असेल.

सर्वांत अवघड प्रश्न भाषेचा आहे. तुम्ही घरी उर्दू बोलता, वर्गात मराठी वाचता. इतर कोणत्याही प्राण्याला हे साधलेले नाही. हाड लाखो वर्षे टिकते, दगड त्याहून अधिक टिकतो. बोललेला शब्द मात्र हवेत विरून जातो. म्हणून माणूस प्रथम कधी बोलला, हे शोधताना शास्त्रज्ञ जिभेखालच्या एका लहानशा हाडाकडे पाहतात. ते हाड फारच क्वचित सापडते.