नामकरणाविषयी भाच्यास पत्र

पुसद, जिल्हा यवतमाळ

चिरंजीव बाळास,

तू पाठवलेला पॅच सावकाशीने, ओळ न ओळ वाचला. लॉक योग्य ठिकाणी घेतले व सोडले आहेत, आणि लिनक्स कर्नलचा डीबगर इतर प्रोसेसरांना थांबण्याचा हुकूम देतो तेव्हा जो प्रोसेसर मुदतीत हजर होत नाही त्याचा क्रमांक नोंदवून ठेवण्याची तुझी कल्पना खरोखर उपयुक्त आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु सोबतच्या मजकुरात ‘नावे काय, मागाहून बदलता येतील’ असे जे एक वाक्य तू सहज लिहून गेला आहेस ते मला स्वस्थ बसू देईना. कारण इतरत्र कदाचित खपून जाणारे हे धोरण ज्या कोडात तू हात घातला आहेस तेथे मुळीच चालणारे नाही, आणि ते का चालणारे नाही हे तुझ्या आरंभीच्या काळातच तुला कोणीतरी सविस्तर सांगावयास हवे.

सामान्य प्रोग्राममधील नाव वाचणारा मनुष्य बहुधा सोर्स कोड समोर उघडून बसलेला असतो. नाव मोघम असले तरी तो दोन ओळी वर जातो, टिप्पणी वाचतो आणि अर्थ लावून घेतो. डीबगिंगच्या कोडातील नाव मात्र अशा मनुष्याच्या दृष्टीस पडते, की ज्याचे यंत्र नुकतेच कोसळले आहे, ज्याच्यामागे कामाचा खोळंबा उभा आहे, आणि ज्याच्या हाती पडद्यावर उमटलेल्या शेवटच्या काही ओळींखेरीज दुसरा पुरावा नाही. त्या ओळींत फंक्शनचे नाव, त्याच्या आरंभापासून किती बाइट आत अंमल चालू होता तो आकडा आणि फंक्शनची एकूण लांबी, एवढाच ऐवज असतो. फाइलीचे नाव सहसा नसते, ओळीचा क्रमांक नसतो, आणि तू निगुतीने लिहिलेली टिप्पणी तर कंपायलरने केव्हाच वगळलेली असते. कर्नल ही नावे ‘कॅलसिम्स’ नामक स्वतःजवळच्या यादीतून काढतो, आणि त्या यादीत स्टॅटिक फंक्शनेही दाखल झालेली असतात. तेव्हा ‘चेक_स्टेट हे फंक्शन स्टॅटिक आहे, ते फाइलीबाहेर कोणास दिसणार?’ हा तुझा युक्तिवाद टिकत नाही. उलट त्याच नावाची स्टॅटिक फंक्शने आणखी दोन फाइलींत निघाली, तर स्टॅकमध्ये दिसणारे चेक_स्टेट त्यांतील कोणते हे वाचणाऱ्याने ताडायचे कसे, आणि त्या नावावर केप्रोब (चालत्या कर्नलात लावायचा टेहळणीचा सापळा) लावू पाहणाऱ्याने तो नेमका कोठे लावायचा?

आता ज्या फाइलीत तू भर घालतो आहेस तिचाच दाखला घे. ‘डीबग_कोर’च्या शिरोभागी ज्यांची नावे कोरलेली आहेत त्यांत अमित काळे हे आपल्या मराठी मुलखातील नाव आहे, आणि ते वाचताना मला दर वेळी समाधान वाटते. २००० ते २००४ या काळात केजीडीबी या कर्नलच्या डीबगरची जोपासना त्यांनी केली; कर्नलात डीबगर असावा हे लिनस टॉरव्हल्ड्स यांना मान्य नव्हते व तसे त्यांनी उघडपणे लिहिलेही होते, त्यामुळे केजीडीबी त्या सर्व वर्षांत मूळ कर्नलाबाहेर, एक स्वतंत्र पॅच म्हणून, प्रत्येक नव्या आवृत्तीशी जुळवून घेत जगत होता. पुढे जेसन वेसेल यांनी ती जबाबदारी पत्करली, इंगो मोल्नार यांच्या साहाय्याने त्याची छाटणी झाली, आणि जुलै २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत त्यास प्रवेश मिळाला. ऑगस्ट २०१० च्या २.६.३५ मध्ये केडीबी हा दुसरा डीबगर त्याच पायावर येऊन बसला. आणि तेव्हा, तोवर ‘केजीडीबी_आयओ_ऑप्स’ म्हणून नांदत असलेला व्हेरिएबल दोघांच्या सामाईक मालकीचा झाल्यामुळे, त्याचे नाव ‘डीबीजी_आयओ_ऑप्स’ करण्यात आले. त्याचा प्रकार सांगणारा स्ट्रक्ट मात्र अद्याप ‘केजीडीबी_आयओ’च आहे. नावाचा पहिला खंड मालकी सांगतो, हे या एका बदलावरून ध्यानात घे. यंत्राबाहेरच्या जीडीबीशी बोलणे असेल तर केजीडीबी, यंत्रावरच बसून दिलेल्या आज्ञांचा प्रश्न असेल तर केडीबी, आणि दोघांना समान असेल ते डीबीजी. तुझे फंक्शन या तिहींपैकी तिसऱ्या वर्गातले आहे, आणि तू त्यास कोणताच वर्ग दिलेला नाहीस.

त्याच फाइलीतील ‘केजीडीबी_ॲक्टिव्ह’ या व्हेरिएबलवर थोडा वेळ थांब. नाव ऐकताच कोणाचीही अशी समजूत होईल की हे होय-नाहीचे दर्शक असावे: डीबगर चालू असेल तर एक, नसेल तर शून्य. वास्तविक त्यात साठवलेला असतो तो डीबगर ज्या प्रोसेसरावर चालू आहे त्याचा क्रमांक. आणि डीबगर चालू नसेल तेव्हा उणे १. परिणामी एखाद्या नवख्याने नावावर विसंबून ‘हे मूल्य शून्येतर आहे काय’ एवढीच चौकशी केली, तर डीबगर मुळीच चालू नसताना उणे १ हे शून्येतर असल्यामुळे उत्तर होकारार्थी येईल, आणि डीबगर शून्य क्रमांकाच्या प्रोसेसरावर प्रत्यक्ष चालू असताना ते नकारार्थी येईल. म्हणजे त्या प्रोसेसरापुरते सत्य नेमके उलटे होऊन बसेल. व्याख्येच्या ठिकाणी खुलासा करणारी टिप्पणी आहे, आणि जाणते लोक उणे १ शी तुलना करूनच पुढे जातात, हे खरे. पण टिप्पणी एका जागी असते आणि नाव जेथे जेथे वापरले तेथे तेथे जाते. त्याच्याच शेजारी ‘केजीडीबी_सीपीयू_डूइंग_सिंगल_स्टेप’ हे भारदस्त लांबीचे नाव आहे. त्यातही क्रमांक किंवा उणे १ असाच व्यवहार आहे. परंतु नावात सीपीयू हा शब्द असल्यामुळे आत क्रमांक असणार हे वाचणाऱ्यास आपोआप कळते. या दोन नावांपैकी दुसरे मी निःशंकपणे श्रेष्ठ मानतो. कर्नलच्या लेखनशैलीच्या नियमांत स्थानिक व फुटकळ व्हेरिएबलांना आखूड नावे द्यावीत आणि सर्वत्र दिसणाऱ्यांना अर्थवाही नावे द्यावीत असे जे सांगितले आहे, त्यातील मर्म हेच आहे. तुझ्या चार ओळींच्या लूपमधील ‘आय’ला माझी काडीचीही हरकत नाही.

तुझ्या ‘टाइमआउट’ला मात्र आहे. त्यात तू १०० हा आकडा घातला आहेस, पण शंभर काय? मिलिसेकंद म्हणावेत तर तसे कोठे लिहिलेले नाही. जिफी, म्हणजे कर्नलच्या घड्याळाचे ठोके, म्हणाव्यात तर सेकंदास १०० ठोके असलेल्या कर्नलात तो एक पूर्ण सेकंद होतो आणि १००० ठोके असलेल्या कर्नलात सेकंदाचा दशांश. शिवाय डीबगरात शिरताना इंटरप्ट बंद केलेले असल्यामुळे जिफींच्या गणनेवर तेथे भिस्त ठेवताच येत नाही, आणि म्हणूनच मूळ कोडात ‘टाइम_लेफ्ट’ला एका सेकंदाचे मिलिसेकंद भरून, एकेक मिलिसेकंदाचा विलंब करीत, ते उलटे मोजत नेले आहेत. ‘टाइमआउट_एमएस’ असे लिही. तीन अक्षरांच्या खर्चात एक संपूर्ण शंका नाहीशी होते. तसेच ‘नॉट_डिसेबल्ड’ हे दुहेरी नकाराचे नाव काढून टाक. बग_ऑन आणि वॉर्न_ऑन यांच्या कंसात जी अट खरी ठरली असता अनर्थ समजायचा ती लिहावी लागते, असर्टच्या नेमकी उलट. तेथे आधीच एक उलटापालट असते, तिच्यात तुझे दोन नकार मिसळले की शिणलेल्या डोळ्यांना सत्य कोणत्या बाजूस राहिले हे समजणे अशक्य होते.

मग असलेली वाईट नावे सरसकट बदलावीत काय, असे तू विचारशील, आणि तरुणपणी तो उत्साह स्वाभाविकही आहे. येथे मला आपल्या जिल्ह्याचे उदाहरण आठवते. इंग्रजी अंमलात वऱ्हाडच्या या भागास वणी जिल्हा म्हणत, इंग्रजी दप्तरात ‘वून’, जरी त्याचे मुख्य ठाणे यवतमाळासच होते. १९०५ च्या पुनर्रचनेत तो यवतमाळ जिल्हा झाला, आणि तोवर वाशीम जिल्ह्यात असलेला आपला पुसद तालुका त्यास जोडला गेला. बदल योग्यच होता, कारण नाव व ठाणे यांची विसंगती त्याने मिटवली. परंतु त्यापूर्वीचे कागद शोधणाऱ्यास यवतमाळ या नावाखाली काही हाती लागणार नाही. त्यास वून धुंडावे लागते, आणि पुसदसाठी वाशीमचे दप्तर. केळापूर तालुक्याचे ठाणे पांढरकवड्यास आहे. तेथे दोन्ही नावे कायम राहिली आणि लोकव्यवहार सुरळीत चालला. कोडाच्या इतिहासाचेही असेच होते. नाव बदलले की जुन्या चर्चेत, जुन्या बगांच्या नोंदींत, वर्षानुवर्षे चालवल्या जाणाऱ्या स्थिर आवृत्त्यांत ते जुन्याच रूपाने राहते, आणि तिकडे दुरुस्ती पोचवणाऱ्याचे काम दुणावते. म्हणून जे नाव वाचणाऱ्याची खरोखर दिशाभूल करते तेवढेच बदलावे. जे केवळ आपल्या रुचीस उतरत नाही ते राहू द्यावे. आणि जे नाव कर्नलाबाहेर पडून लोकांच्या बूटच्या ओळींत जाऊन बसले, जसे ‘केजीडीबीओसी’ किंवा ‘केजीडीबीवेट’, त्यास हातच लावू नये, कारण तो आता करार झाला.

याच विवेकाचा एक नमुना अलीकडचा आहे. २०२० च्या जुलैत लेखनशैलीच्या नियमांत अशी भर पडली की मालक-गुलाम या जोडीचे किंवा काळी यादी-पांढरी यादी या धर्तीचे शब्द नव्या नावांत योजू नयेत; मात्र वापरकर्त्यांच्या हाती गेलेली जुनी नावे मोडू नयेत. हा नियम मला मनापासून मान्य आहे, कारण माणसाच्या दास्याचा शब्द यंत्रातील कामाच्या वाटणीसाठी वापरण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. तू ज्या लूपजवळ आपली नोंद घालतो आहेस तेथे मोजणीचा जुना व्हेरिएबल ‘स्लेव्ह्ज_इन_केजीडीबी’ आहे, परंतु मुदत संपली असता छापला जाणारा संदेश त्याच प्रोसेसरांना ‘सेकंडरी’ म्हणतो. तुझे नवे नाव संदेशाशी जुळव. नियमाचे पालन तर होईलच, शिवाय पडद्यावर जो शब्द वाचला तोच सोर्स कोडात शोधणाऱ्यास तुझी ओळ लगेच सापडेल. नाव शोधता येणे हा डीबगिंगच्या कोडात लहान गुण नव्हे.

उद्या इतरांचे पॅच तुझ्याकडे तपासणीस येतील, तेव्हा नावावर आक्षेप घेताना कोणता वाचक कोणत्या प्रसंगी कसा फसेल हे दाखवून दे. ते दाखवता येत नसेल तर आक्षेप मागे घे, कारण रुचीच्या वादात दुसऱ्याचे दिवस घालवण्याचा अधिकार तपासणाऱ्यास नाही. स्वतःच्या फंक्शनला नाव सुचत नसेल तेव्हा ते काय करते हे मराठीत एका वाक्यात लिहून पाहा. वाक्यात ‘आणि’ आल्यावाचून गत्यंतर नसेल, तर दोष नावाचा नसून तेथे दोन फंक्शने एकत्र बांधली गेली आहेत. तुझ्या चेक_स्टेटचे तसेच झाले आहे: ते गैरहजर प्रोसेसर शोधते आणि संदेशही छापते.

तेव्हा दुसरी आवृत्ती पाठवताना फंक्शनची फोड आणि नावांचे बदल पहिल्या पॅचमध्ये, वर्तनात काही फरक न करता, स्वतंत्र ठेव. गैरहजेरीची नोंद दुसऱ्यात येऊ दे, म्हणजे तपासणाऱ्यास दोन्ही वेगळे पारखता येतील. केजीडीबी_ॲक्टिव्हला या खेपेस हात लावू नकोस. ते नाव निरनिराळ्या आर्किटेक्चरांच्या कोडातही वापरलेले आहे, आणि तो विषय त्या सर्वांच्या संमतीने स्वतंत्रपणे काढावा लागेल. पाठवण्यापूर्वी मजकूर एकदा माझ्याकडे येऊ दे. ताईस व भाऊजींस सादर नमस्कार.

तुझा,
मामा