डिस्क घेण्याआधी लॅपटॉपचं वय बघ

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१४ डिसेंबर २०२५

चि. सानिकास,


तुझा मेसेज आणि फोटो मिळाले. "आत्या, कोणती डिस्क घेऊ तेवढं सांग, लिंक पाठव" असं तू लिहिलंस. लिंक पाठवणं दोन मिनिटांचं काम होतं. पण त्या लॅपटॉपवर तू लोकांची टॅक्स रिटर्न्स भरतेस. त्यात त्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर आहेत, बँकेचे तपशील आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जानेवारीच्या शेवटी आयआरएस रिटर्न्स घ्यायला लागली की तुला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा हे सगळं नाताळच्या सुट्टीत उरकून टाक.

आधी फोटोंबद्दल. डिस्कची तब्येत तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा 'कॉशन' दाखवलाय. त्याच्या यादीत सी५ नावाची ओळ आहे, 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट'. तिच्या शेवटच्या रकान्यात शून्यांची रांग आणि मग १८. तू ते अठरा वाचलंस. हे सॉफ्टवेअर तो रकाना मुळात सोळाच्या पायावर मांडतं, त्यामुळे आपल्या हिशेबात ते चोवीस झाले. डिस्कवरच्या चोवीस जागा वाचायला गेल्यावर वाचता आल्या नाहीत आणि त्यांचं काय करायचं हे डिस्कने अजून ठरवलेलं नाही, असा त्याचा अर्थ. त्या जागी नवं काही लिहिलं गेलं की ती ठरवेल, जागा ठीक आहे की राखीव साठ्यातली दुसरी द्यायची. दुसरी दिली की तो आकडा त्याच यादीतल्या ०५ च्या ओळीत चढतो, आणि तुझ्या ०५ मध्येही आता शून्य राहिलेलं नाही. चोवीस हा आकडा तसा मोठा नाही. पण आठवड्यापूर्वीच्या फोटोत तिथे ८ होते. माझी सगळी नोकरी डिस्क तपासण्यात गेली. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय का, हे आम्ही आधी बघायचो. तुझा चढतोय.

तेव्हा नवी डिस्क निवडण्याआधी, आज रात्रीच, सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरव. आधी टॅक्स सॉफ्टवेअरचा डेटा, मग क्लायंटचे स्कॅन, मग बाकीचं. फोटो आणि सिनेमे राहिले तरी चालतील. आणि तुला मदत करणाऱ्या प्रसादला सांग, चेकडिस्क किंवा डीफ्रॅग अजिबात चालवू नको. आजारी डिस्कला तासन्‌तास पळवून बरं करायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एखादी फाईल अडली तर ती सोडून पुढे जा, शेवटी परत बघ.

आता निवडीकडे वळू. तू २ टीबीची फिरती हार्ड डिस्क घ्यायचं म्हणतेस, कारण ती जीबीमागे स्वस्त पडते आणि "जागा असलेली बरी". तुझी आत्ताची १ टीबीची आहे आणि त्यातली वापरात १६० जीबी. आठ वर्षांत १६०. मग २ टीबी कशाला?

पण जागेहूनही मोठा प्रश्न त्या लॅपटॉपच्या वयाचा आहे. तुझा थिंकपॅड टी४७०, २०१७ चा, सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, म्हणजे आडमार्गाने गेल्याशिवाय तो त्यावर जाणार नाही. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. घरगुती ग्राहकाला सुरक्षेचे अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येतात, त्यासाठी नोंदणी करावी लागते. ती तू केली नसशील तर डिस्क बदलल्या दिवशीच कर. म्हणजे लोकांचे पैशाचे कागद हाताळायला हा लॅपटॉप अजून एक सीझन चालेल, फार तर ऑक्टोबरपर्यंत. एवढ्यासाठी महागातली २ टीबी एसएसडी घेतलीस तर नाकापेक्षा मोती जड. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: ५०० जीबीची, अडीच इंची, साटा एसएसडी, नावाजलेल्या कंपनीची. त्याच्या वर नको आणि खालीही नको.

फिरती डिस्क का नको म्हणते तेही सांगते, नाहीतर आत्याला नव्याचं कौतुक असं म्हणशील. गेल्या वर्षी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला तू इथे आली होतीस. त्या कन्व्हेन्शन सेंटरपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, ९९ नोत्र दाम अव्हेन्यूवर, आयबीएमची प्रयोगशाळा होती. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखालच्या मंडळींनी तिथेच जगातली पहिली हार्ड डिस्क बनवली. १९५६ साली ती बाजारात आली: २४ इंच व्यासाच्या ५० थाळ्या, वजन टनाच्या वर, आणि मावायची ५० लाख अक्षरं. दुरुस्त करून चालती केलेलं तसं एक यंत्र माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. पुढच्या खेपेला दाखवते. आत-बाहेर आणि वर-खाली सरकणारा तो हात बघितलास की तुझा लॅपटॉप का रखडतो ते वेगळं सांगावं लागणार नाही.

कारण तत्त्व तेच राहिलंय. तुझ्या डिस्कची थाळी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचायचं टोक थाळीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत योग्य वर्तुळावर जाणार, मग हवी ती जागा फिरून खाली येईपर्यंत थांबणार. अशा विखुरलेल्या जागा सेकंदाला साठ-सत्तर वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली मागतं, त्यात अँटिव्हायरस आणि अपडेट दोघेही रांगेत घुसतात. एसएसडीत हलणारा भाग नाही, त्यामुळे साधी साटा एसएसडीही अशा जागा सेकंदाला हजारोंनी वाचते. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, आणि तुला वाटेल लॅपटॉप बदलला.

शिवाय अडीच इंची फिरत्या डिस्कांमध्ये आता बहुतेक माल एसएमआर पद्धतीचा, म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक. जागा वाचते, पण लिहिलेलं बदलायचं तर शेजारचंही परत लिहावं लागतं. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिघांनाही कबूल करावं लागलं की काही मॉडेलांत हे तंत्र आहे आणि ते त्यांनी ग्राहकाला सांगितलं नव्हतं. बॅकअपला अशी डिस्क चालेल, विंडोज चालवायला नको.

प्रसाद एनव्हीएमई एसएसडी घे म्हणतोय. तो म्हणतो ती वेगवान असते, हे खरंच. पण तुझ्या डिस्कच्या जागी ती बसवायची तर वेगळा अडॅप्टर शोधावा लागेल, आणि टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये तो फरक हाताला लागणार नाही. अडीच इंची साटा सरळ जुन्याच्या चौकटीत बसते. उन्हाळ्यात लॅपटॉप बदललास की ती बारा-पंधरा डॉलरच्या यूएसबी केसमध्ये घालून वापरता येईल, पैसे वाया जाणार नाहीत. जाडी ७ मिलिमीटर आहे ना, तेवढं खोक्यावर बघून घे.

कंपनी कोणती? इतकी वर्षं मी सगळ्यांना डोळे मिटून क्रुशलची एमएक्स५०० सांगायचे. पण मायक्रॉनने याच महिन्यात जाहीर केलं की क्रुशल हा ग्राहकांचा धंदाच ते बंद करणार, माल फेब्रुवारीअखेरपर्यंत जाईल. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी विकण्यात पैसा जास्त आहे, तुझ्या-माझ्यासारख्यांना कोण विचारतो! किमतीही त्याच कारणाने चढायला लागल्यात, म्हणून 'सेलची वाट बघते' हा तुझा बेत या वेळी उपयोगाचा नाही. दुकानात एमएक्स५०० दिसली तर घे, वॉरंटी ते पाळणार आहेत. नसेल तर सॅमसंगची ८७० ईव्हो. दोन्हींवर पाच वर्षांची वॉरंटी आहे, दोन्हींत स्वतःची डीरॅम मेमरी आहे. बाजूलाच क्रुशलची बीएक्स५०० स्वस्तात ठेवलेली असेल. तिच्यात डीरॅम नाही आणि वॉरंटी तीन वर्षांची. वाईट नाही, पण रोजीरोटीच्या लॅपटॉपमध्ये पाच-दहा डॉलर वाचवायला मी ती घालणार नाही.

'लिहून लिहून एसएसडी झिजते' ही भीती सोड. ८७० ईव्होच्या ५०० जीबी मॉडेलला कंपनी ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी देते. तू रोज २० जीबी लिहिलेस, आणि तेवढं तू लिहीत नाहीस, तरी १५,००० दिवस, म्हणजे एकेचाळीस वर्षं होतात. भीती बाळगायची तर दुसरी बाळग. फिरती डिस्क मरायच्या आधी बहुधा कुरकुरते, टकटक करते, सी५ चे आकडे दाखवते. एसएसडी पुष्कळदा काही न सांगता जाते. सकाळी लॅपटॉप उघडावा आणि डिस्कच सापडू नये. त्यातून डेटा परत काढणंही अवघड, कारण पुसलेल्या जागा ती आपण होऊनच साफ करत असते. तेव्हा एसएसडीवर वाचवलेले पैसे बाहेरच्या १ टीबी डिस्कवर घाल. सीझनमध्ये रोज संध्याकाळी बॅकअप घ्यायचा आणि घेतला की केबल काढून ठेवायची. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर आला तर लॅपटॉपबरोबरच जाते.

खरेदी काउंटरवरून कर. ऑनलाइन दुकान मोठं असलं तरी माल विकणारा भलताच कोणी असतो, आणि ३० डॉलरला ४ टीबी देणारा बहुतेक तुला खोटं आकारमान लिहिलेली चिप देत असतो. एडिसनहून पॅटरसनचं मायक्रो सेंटर काही लांब नाही, नाहीतर जवळचं बेस्ट बाय. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स पडेल. पावती धंद्याच्या खर्चासाठी, शेड्यूल सी साठी जप, हे मी तुला सांगावं का!

बसवणं सोपं आहे. तुझ्या बाबांना भीती वाटते की उघडला तर वॉरंटी जाईल. २०१७ च्या लॅपटॉपची वॉरंटी केव्हाच वारली. आणि या देशात १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे नुसता उघडला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. वॉरंटीत तशा अटी घातल्याबद्दल एफटीसी या सरकारी आयोगाने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना पत्रं पाठवली होती. तुझ्या लॅपटॉपमध्ये दोन बॅटऱ्या आहेत, एक आतली. सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा, 'कॉन्फिग', मग 'पॉवर', आणि 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवड. त्यानंतर बाहेरची बॅटरी काढ आणि मगच स्क्रू. झाकण खळ्ळकन निघालं तर घाबरू नको, त्याला कडेने खाचा असतात. डिस्कला जोडलेली पट्टीसारखी केबल मात्र जपून, ती ओढायची नाही.

क्लोन करू नको. न वाचता येणाऱ्या जागा असलेल्या डिस्कचा क्लोन मध्येच अडतो, आणि पुरा झाला तरी बिघडलेल्या फायली जशाच्या तशा नव्या डिस्कवर येतात. मोठ्या डिस्कवरून छोटीवर नेण्याची कटकट वेगळीच. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने यूएसबी बनव आणि विंडोज कोरं टाक. लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं, इंटरनेट मिळाल्यावर ते आपोआप लागतं. तुझ्याकडे प्रो आहे, तेव्हा लगेच बिटलॉकर चालू कर आणि त्याची रिकव्हरी की छापून पासपोर्टच्या फायलीत ठेव. ती लॅपटॉपवरच सेव्ह करणारे महाभाग मी पाहिलेत.

राहिली जुनी डिस्क. रिटर्न्स भरणाऱ्यांना लागणाऱ्या पीटीआयएन क्रमांकाच्या डब्ल्यू-१२ फॉर्मवर तू दरवर्षी मान्य करतेस की लेखी सुरक्षा योजना ठेवणं तुला कायद्याने बंधनकारक आहे. त्या योजनेत जुन्या डिस्कचं काय करायचं तेही लिही. एप्रिलपर्यंत ती कुलपात राहू दे, एखादी फाईल राहून गेली असेल तर उपयोगी पडेल. नंतर नुसती पुसून भागणार नाही, कारण ज्या जागा वाचता येत नाहीत त्या पुसल्या गेल्या की नाही हेही कळत नाही. डोळ्यांदेखत श्रेडिंग करून देणारी दुकानं असतात, तिथे दे आणि पावती फायलीला लाव. प्रसाद हातोडा घेईल, त्याला म्हणावं गॉगल घाल. या छोट्या डिस्कांच्या थाळ्या बहुतेक काचेच्या असतात.

उन्हाळ्यात नवा घेताना आठव्या पिढीच्या पुढचा, १६ जीबी मेमरीचा, कंपन्यांनी लीजवरून काढलेला एखादा बघू. त्याची घाई आत्ता नको.

शनिवारी तुमच्या सकाळी अकराला व्हिडिओ कॉल लाव, माझे आठ वाजलेले असतील. स्क्रू काढण्याआधी लाव, काढून झाल्यावर नको. आणि आज रात्री कॉपी झाली की मेसेज टाक, कितीही वाजले तरी.

तुझी,
आत्या