आधी हाताचं माप, मग पिस्तूल

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली आणि पाठोपाठ आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये तिसरं आणलं. तेव्हापासून मीरा रोड-भाईंदरकडच्या पालकांच्या नेहमीच्या प्रश्नांत (सायन्स की कॉमर्स, कोणता क्लास, कोणतं कॉलेज) एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलगी अकरा-बारा वर्षांची आहे, हात एवढासा आहे, तिला शूटिंग शिकायचंय. तर पिस्तूल कोणतं घ्यावं?

उत्तर असं की सध्या कोणतंच घेऊ नका. पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये, म्हणून जरा सविस्तर.

आधी भीतीचा मुद्दा संपवू. नवशिक्या मुलाची सुरुवात होते ती एअर पिस्तुलावर. त्यात बारूद नाही. सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेने शिशाचा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे पॉइंट १७७ बोअरचा छर्रा दहा मीटरवरच्या कार्डावर जातो. धक्का जवळपास नसतोच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. पॉइंट २२ चं पिस्तूल मात्र खरं अग्निशस्त्र. त्याला परवाना लागतो आणि स्वतःच्या नावावर परवाना मिळायला वयाची २१ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते या पॉइंट २२ वर. आशियाई खेळांत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. तुमच्या मुलीला तिकडे जायचं असलं तरी वाट दहा मीटरवरूनच जाते. त्यामुळे बोअर कोणता, हा प्रश्न सुटलेला आहे. खरा प्रश्न हाताचा आहे.

पिस्तूल एका हाताने, हात लांब करून, कशाचाही आधार न घेता मारायचं असतं. रायफलवाल्यांना जाड जॅकेट, ट्राउझर, खास बूट असतात. पिस्तूलवाल्याकडे घोट्याच्या खाली राहणारे सपाट बूट आणि स्वतःचं मनगट, बस्स. म्हणून पिस्तुलाचा पहिला खर्च रायफलपेक्षा कमी, पण ग्रिप चुकली तर ती चूक झाकणारं दुसरं काही नाही.

रेंजवर प्रशिक्षकासमोर, रिकाम्या आणि सेफ्टी फ्लॅग लावलेल्या पिस्तुलावर एवढं तपासा. अंगठा आणि तर्जनी यांच्यातली खाच ग्रिपच्या मागच्या वळणात पूर्ण आत बसली पाहिजे. नळी आणि कोपरापासूनचा हात साधारण एका रेषेत यायला हवा. मग तर्जनी ट्रिगरवर ठेवायला सांगा. पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर यावा आणि बोटाची बाजू ग्रिपच्या लाकडाला घासू नये. लहान हाताची मुलं इथेच अडकतात. बोट जेमतेम टोकाने पोचतं, मग मुलगी नकळत हात ग्रिपवर फिरवून घेते आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचे छर्रे डावीकडे सरकू लागतात. ‘ट्रिगरला झटका देतेस’ असं तिला सांगितलं जातं, ती बिचारी महिनोन्महिने स्वतःला दोष देते, आणि दोष असतो लाकडाचा.

स्टेयर, मोरिनी, पार्दिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाउ या स्पर्धेच्या पिस्तुलांना एक्स्ट्रा स्मॉलपासून लार्जपर्यंत वेगवेगळ्या मापांच्या ग्रिप मिळतात, डावऱ्यांसाठी वेगळ्या. ट्रिगर पुढेमागे सरकवता येतो. तळव्याखालचा आधार, ज्याला पाम शेल्फ म्हणतात, तोही वरखाली होतो. मात्र तो आवळून हात शिकंज्यात धरायचा नसतो. उरलेली पोकळी पुट्टीने भरायची, टोचतो तो भाग कानशीने घासायचा. जाणते प्रशिक्षक हे काम स्वतः करतात, आणि नवा प्रशिक्षक निवडताना ग्रिपला हात घालणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता आपली जुनी सवय. युनिफॉर्म आपण वाढत्या अंगाचा घेतो, दोन वर्षं पुरावा म्हणून. ग्रिप तशी घ्यायची नाही. सैल ग्रिपमध्ये हात प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसतो, आणि तो दर वेळी एकाच जागी बसणं हीच तर या खेळाची पहिली शिकवण. सुदैवाने ग्रिप सुटी असते. हात वाढला की तेच पिस्तूल ठेवून फक्त ग्रिप बदलता येते.

वजनाचंही बघा. नियमाने एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं. नेहमीचं स्पर्धेचं पिस्तूल किलोच्या आसपास भरतं. मोठ्यांच्या स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० छर्रे असतात, त्याआधीचे सरावाचे वेगळे, आणि नेम जमला नाही म्हणून न मारताच खाली घेतलेले हात तर कोणी मोजतच नाही. आखूड नळीची, छोट्या सिलिंडरची कॉम्पॅक्ट मॉडेलं लहान मुलांसाठी बरी, कारण त्यांचं वजन कमी असतंच, शिवाय ते मनगटाच्या जवळ राहतं. चाचणी सोपी आहे: पंधरा-वीस वेळा हात उचलल्यावर मूल कंबरेतून मागे झुकून तोल सांभाळायला लागलं, तर पिस्तूल त्याला आज जड आहे. सहा महिने खांद्याचे आणि पाठीचे व्यायाम, मग पुन्हा बघू.

ट्रिगर इलेक्ट्रॉनिक घ्यावा का? सुरुवातीला गरज नाही. ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅम हा नियम इलेक्ट्रॉनिक आणि साध्या, दोन्ही ट्रिगरना सारखाच. ट्रिगर कोणताही असो, पिस्तूल ऐन वेळी बिघडू शकतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. म्हणून ब्रँडच्या नावाआधी मी विचारेन की याची सर्व्हिस आणि सुटे भाग मुंबईत कोण देतं.

मीरा-भाईंदरच्या पालकांसाठी सगळ्यात अवघड भाग पिस्तुलाचा नाहीच, लोकलचा आहे. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज जुनी आणि नावाजलेली; नेमबाज अंजली भागवत एनसीसीतून याच शहरात घडली. दादरला सावरकर स्मारकात रायफल क्लब आहे. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्समध्ये सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी आहे, पण भाईंदरहून रोजचं पनवेल मी कुणाला सुचवणार नाही. घराजवळ खासगी दहा मीटर रेंज मिळाली तर आधी तिथेच जा. मात्र दोन गोष्टी विचारा: पिस्तूल शिकवणारा प्रशिक्षक आहे की सगळे रायफलवाले, आणि क्लबकडे स्मॉल ग्रिपचं किमान एक पिस्तूल आहे का. दुसऱ्या प्रश्नाला ‘चालवून घेऊ’ असं उत्तर आलं तर पुढची रेंज बघा. आठवड्याला तीन दिवस, गर्दीची वेळ टाळून, एवढं पहिल्या वर्षी पुष्कळ झालं. घरी रिकाम्या हाताने स्थिर उभं राहण्याचा सराव करता येतो, त्याला तिकीट लागत नाही.

छर्रे शिशाचे असतात. रेंजवर खाणं नाही, आणि घरी आल्यावर आधी हात साबणाने धुवायचे. डब्याची पोळी रेंजच्या बाकावर बसून खाणारी मुलं दिसतात. प्रशिक्षकाने नाही तर आईवडिलांनी हटकावं.

खरेदीची वेळ आली हे कसं कळणार? मूल वर्षभर टिकलं, हाताचं माप ठरलं आणि राज्य स्पर्धेची भाषा सुरू झाली की. नवं परदेशी पिस्तूल साधारण दीड ते अडीच लाखांच्या घरात जातं, म्हणून बरेच जण जुनं घेतात. त्यात वावगं काही नाही. फक्त सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. सिलिंडरला कंपनीने ठरवलेली मुदत असते आणि मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. बिल स्वतःच्या नावावर करून घ्या. लोकलमधून नेताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत, बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र सोबत. परवाना लागत नाही हे खरं, पण दुरून पाहणाऱ्या रेल्वे पोलिसाला ते पिस्तूलच दिसतं.

आता करिअर. स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि ऑलिंपिकला गेला तेव्हा मध्य रेल्वेत नोकरीला होता. राही सरनोबतला सरकारने उपजिल्हाधिकारी केलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचा विश्वविजेता झाला. ही नावं मुलांना जरूर सांगा, पण घराचं गणित त्यांच्यावर मांडू नका. रेल्वे, सैन्यदल, पोलीस, तेल कंपन्या खेळाडूंना घेतात. राज्याच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. या सगळ्याला राष्ट्रीय पातळीच्या आसपासचं काहीतरी हाती असावं लागतं, आणि तिथवर थोडेच पोचतात. बाकीच्यांसाठी प्रशिक्षक, पंच, क्रीडा मानसशास्त्र, फिजिओथेरपी ही कामं आहेत. त्यांना पदवी लागते. म्हणून शाळा सोडून पूर्णवेळ रेंज, हा सल्ला देणाऱ्यापासून दहावीपर्यंत तरी चार हात लांब राहा.

स्पर्धांची शिडी साधारण अशी: क्लब आणि जिल्हा, मग राज्य, मग मावळंकर स्पर्धेसारखी राष्ट्रीयच्या आधीची पात्रता, मग राष्ट्रीय. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष, गणेश वासुदेव. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता, हे नेमबाजांच्या घरीही फार जणांना माहीत नसतं. शालेय स्पर्धांतही नेमबाजी आहे; त्याची चौकशी शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे आणि ठाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे नोकरीतलं आरक्षण या दोन्हींसाठी खेळाची प्रमाणपत्रं पडताळून घ्यावी लागतात. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, निकालाची प्रत आणि प्रवेशिका पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा. प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या दाखल्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, हेही तिथल्या तिथे, आयोजकांच्या टेबलासमोर उभं राहूनच तपासा.