गिअर नॉब सैल झाल्यास

प्रश्न : माझ्या जुन्या मॅन्युअल गाडीचा गिअर नॉब गरगर फिरतो, कधी हातातच येतो. नवा मिळेपर्यंत काय करू?

उत्तर : नॉब काढून दांड्यावरचे आटे तपासा. ते शाबूत असतील तर झीज नॉबच्या आत आहे. आट्यांवर प्लंबरची टेफ्लॉन टेप, नॉब ज्या दिशेने बसतो त्याच दिशेने ताणून गुंडाळा आणि नॉब पिळून घट्ट बसवा. इपॉक्सीने चिकटवू नका. पुढे गिअरचे कव्हर काढायची वेळ आली तर नॉब कापावा लागेल. गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहा. तरीही नॉब हलत असेल तर गाडी चालवू नका.

नवा नॉब मापानेच घ्या. १० × १.५ म्हणजे दांड्याचा व्यास १० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर १.५ मिलिमीटर. होंडाच्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांत हेच माप असते, टोयोटात बहुधा १२ × १.२५. रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागत असेल, तर त्याच मॉडेलचा नॉब घ्या. ऑटोमॅटिक गाडीत मात्र हा जुगाड करू नका. तिथे लॉकचे बटण बहुतेकदा नॉबमध्येच असते.