टीव्ही लावला की दिवा रुसतो

सांगली, सोमवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो मामा, बघतो मामा" म्हणून मोकळा होतोस, म्हणून पत्र लिहितोय. सगळं वाच.

गुरुवारी रात्री ताई जिन्यात बसून होती. पाऊण तास. हे शेजारच्या काकूंनी मामीला सांगितलं, ताईने नाही. वीज जाऊन आली होती, ही पाणी प्यायला खाली उतरली आणि वर जाताना तुझा आपोआप लागणारा दिवा लागलाच नाही. चौथ्या पायरीवर कठडा धरून बसली, शेवटी काकूंना हाक मारली. तो जिना, आणि दाजींचं त्या जिन्यात काय झालं, हे मी तुला नव्याने सांगायला नको. भिंतीवरचं बटण तिच्या हाताशी होतं. पण त्यावर तू चिकटपट्टी लावली आहेस, 'बंद करू नये' लिहून. ती तिने काढली नाही. का, तर "बाळने लावलीय."

आणि शुक्रवारी तू तिला काय म्हणालास? "आई, तूच कुठला तरी प्लग काढला असशील." ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी मी मिरजेला ताईकडे जाऊन आलो. तू दिव्यांच्या कंट्रोलरचं कार्ड दोनदा बदललंस, आता म्हणे नवा कंट्रोलरच मागवणार आहेस. अरे, त्या डबीला काही झालेलं नाही. ताई तुला महिनाभर सांगत होती, "टीव्ही लावला की दिवा रुसतो." तू हसलास. मी वही काढली आणि तिच्याकडून वार आणि वेळा लिहून घेतल्या. पाचपैकी पाच वेळा टीव्ही चालू होता, किंवा नुसता रिमोटने बंद केलेला होता. रिमोटने बंद केलेला टीव्ही अनेकदा नेटला चिकटलेलाच असतो.

मग तुझ्या जुन्या लॅपटॉपवरून कंट्रोलरला पिंग केलं, १९२.१६८.१.७. एकदा उत्तर, एकदा नाही. नंतर कंट्रोलरची केबल राउटरमधून उपसून हातात धरली आणि पुन्हा पिंग केलं. उत्तर आलं! केबल माझ्या हातात आणि .७ बोलतोय. म्हणजे त्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी राहत होतं. टीव्हीचा प्लग काढला, तेव्हा .७ गप्प झाला.

तू कंट्रोलरमध्ये .७ हा पत्ता हाताने कोरून ठेवलास, पण राउटरला सांगितलंच नाहीस की हा राखीव आहे. राउटरच्या वाटपाच्या यादीत .२ पासून .२५४ पर्यंत सगळे मोकळे. इतके दिवस नशिबाने निभावलं. बहुतेक घरगुती राउटर वीज गेली की कुणाला काय दिलं ती वही विसरतात आणि नव्याने वाटायला बसतात. त्यात .७ टीव्हीला गेला. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडं, मग टपाल कुणाच्या हाती पडणार? तुझा दिव्याचा हुकूम टीव्हीच्या दारात पडत होता.

ताईचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. मी टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढली, इतकी नेमकी तक्रार फार थोड्या ग्राहकांनी दिली असेल.

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मामीलाही नाही. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. गावाबाहेर एक निवृत्त मास्तर राहायचे, घरात आजारी बायको. फोनमध्ये खरखर, मधेच आवाज गायब. मी तीनदा गेलो, तीनदा इन्स्ट्रुमेंट बदललं. तिसऱ्या वेळी वैतागून म्हणालो, "मास्तर, तुम्ही रिसीव्हर नीट ठेवत नाही." त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "असेल, हात थरथरतो." पुढे पावसाळा सरल्यावर खांबावरची डीपी उघडली, तर त्यांच्या जोडावर हिरवा गंज. बोटाने दाबलं तर पूड झाली. पाऊस आला की पाणी आत जायचं. मास्तरही सांगत होते, "पावसात जास्त होतं." मी जोड नवा केला, झाकण लावलं, खाली उतरलो आणि निघून आलो. त्यांचं दार पन्नास पावलांवर होतं. चूक तुमची नव्हती, एवढं सांगायला गेलो नाही. नंतर ते गेले. अजून पाऊस लागला की मला ती खाली घातलेली मान दिसते.

म्हणून म्हणतो, तिला असं बोलू नकोस रे.

कामाचं लिहितो. कंट्रोलरमधला हाताने घातलेला पत्ता काढ, आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्याच्या नावावर .७ राखून ठेव. तुझा पासवर्ड माझ्याकडे नाही, म्हणून तूर्त टीव्हीची नेटची केबलच काढून ठेवली आहे. ताई म्हणाली, मालिका डिशवर दिसते, नेट कशाला. दुसरं, कंट्रोलर इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या सॉकेटवर, हे काय? वीज गेली की मेंदू जागा आणि जीभ मुकी. राउटर आणि फायबरची डबी, दोन्ही इन्व्हर्टरवर घे. तुझा कंट्रोलर म्हणजे रास्पबेरी पाय ४, त्यात बंद काळात वेळ जपणारं घड्याळ नाही, खरी वेळ त्याला नेटवरूनच कळते. कार्ड बदलताना तो बंद असतो, परत चालू होताना नेट नसेल तर तिन्हीसांजेचा दिवा भलत्याच वेळी लागेल. आणि झिगबीची काडी त्या निळ्या खाचेतल्या डिस्कला चिकटून आहे. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येही पडतो, झिगबीही तिथेच बोलतं. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून काडी लांब ने, जिन्यातला सेन्सर तिला नीट ऐकू येईल.

पण हे सगळं नंतर. आधी जिन्याचं बटण. नेट असो नसो, कंट्रोलर असो नसो, ताईने बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. साधा बल्ब लाव आणि बटणामागे रिले बसव, म्हणजे हातानेही चालेल आणि तुझ्या डबीनेही. तोवर मी तिथे साधा नऊ वॅटचा बल्ब लावून आलोय. पट्टी मीच काढली. ती काढताना ताई शेजारी उभी राहून म्हणत होती, "त्याला राग नाही ना येणार?"

जरा जास्त बोललो असेन. तू हे सगळं का केलंस ते मला ठाऊक आहे. दाजींनंतर पुण्यातून तुला रात्री झोप लागायची नाही, तूच मला सांगितलं होतंस. दोन दिवसांत एवढी वायर ओढलीस, एक खिळा वाकडा नाही. मी तुझ्या वयात असं काम करत नव्हतो.

आणि एक. शनिवारी तिन्हीसांजेला मी तिथेच होतो. देवापाशी ताईने निरांजन लावलं, तेवढ्यात व्हरांड्यातला दिवा आपोआप लागला. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आला बघ बाळ." रोज म्हणते म्हणे. तेव्हा काढून टाकतो बिकतो असलं काही मनात आणू नकोस.

या शनिवारी कोयनेने ये. मिरज स्टेशनवर मी थांबतो, बॅटरी आणि पेचकस माझ्याकडे आहेत. ताईने तुझ्यासाठी भाजणी दळून आणलीय.

तुझा,
मामा