विजेच्या रंध्याची पाती

सुतार रंधा मारू लागला, की फळीवरून पातळ, वळणदार ढलप्या निघतात, हे तुम्ही पाहिले असेल. हातरंध्याचे पाते एकाच जागी स्थिर असते. विजेच्या रंध्याचे तसे नाही. त्याच्या पोटात धातूचा एक दंडगोल असून त्यावर बहुधा दोन पाती बसविलेली असतात. हा दंडगोल मिनिटास सुमारे १५,००० फेरे घेतो. म्हणजे लाकडावर दर सेकंदास ५०० घाव पडतात!

या रंध्याला तळ दोन. पुढचा तळ न रंधलेल्या लाकडावरून चालतो. तो वर-खाली करता येतो व त्यावरून कापाची खोली ठरते. मागचा तळ मात्र पक्का असून तो नुकत्याच रंधलेल्या भागावर टेकतो. म्हणून फिरत्या पात्याची धार अगदी खाली येते तेव्हा ती मागच्या तळाच्या पातळीतच असावी लागते.

समजा, सागवानी दाराची फळी रंधावयाची आहे आणि पाते केसभर अधिक बाहेर आले आहे. आरंभी काहीच कळत नाही. पण फळीचे टोक आले, की पुढच्या तळाचा आधार सुटतो, रंधा किंचित खाली बसतो आणि टोकाशी खाच पडते. ती घालविण्यासाठी सारी फळी पुन्हा रंधावी लागते. मग दार चौकटीत सैल होते. उलट पाते आत राहिले, तर मागचा तळ उचलला जातो व काप उथळ होत होत थांबतो.

पाती तपासण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. रंधा उलटा ठेवून मागच्या तळावर सरळ लाकडी पट्टी धरावी व तिचे टोक दंडगोलावर येऊ द्यावे. लोखंडी पट्टी घेऊ नये, धार बिघडते. मग लाकडाच्या तुकड्याने दंडगोल सावकाश उलट दिशेने फिरवावा. पाते पट्टीला नुसते चाटून गेले पाहिजे. पट्टी उचलली गेली तर ते उंच आहे. स्पर्शच झाला नाही, तर बुटके. दोन्ही पात्यांची दोन्ही टोके अशीच पाहावीत, कारण एक पाते उंच राहिले तर सारे काम त्याच्यावरच पडते आणि फळीवर लाटा उमटतात.

शेवटी स्क्रू आवळावेत. तेही थोडा हा, थोडा तो, असे पाळीपाळीने. आवळताना पाते हटकून जरासे सरकते. तेव्हा पट्टी पुन्हा एकदा तळावर ठेवावी.