एकाच पक्षातलं भांडण मुलांना कसं समजावून सांगावं? : सुरत अधिवेशन १९०७



"ते दोघं एकाच पक्षातले आहेत ना? मग एकमेकांना असं का बोलतात?" हा प्रश्न आजकाल पाचवीतलं मूलसुद्धा विचारतं. घरात टीव्ही चालू असतो, हातात मोबाईल असतो. एक नेता दुसऱ्याला कॅमेऱ्यासमोर टोमणा मारतो, दुसरा संध्याकाळी उत्तर देतो, आणि दोघांच्या गळ्यात रुमाल मात्र एकाच रंगाचा. आपल्या राज्यात तर एकाच पक्षाचे दोन पक्ष झालेले मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यामुळे प्रश्न येणारच.

आपण मोठी माणसं याला दोन ठरलेली उत्तरं देतो. एक, "राजकारण म्हणजे असंच असतं." दुसरं, "तुला काय करायचंय, अभ्यास कर." पहिल्या उत्तरातून मूल शिकतं की भांडण करणं हाच मोठ्यांचा धंदा आहे. दुसऱ्यातून शिकतं की प्रश्न विचारायचा नसतो. हेच मूल पुढे अठराव्या वर्षी मतदार होणार आहे, हे लक्षात घेतलं तर दोन्ही उत्तरं महागात पडणारी आहेत.

शिक्षक म्हणून आपली एक अडचणही आहे. आजच्या नेत्यांची नावं घेऊन वर्गात कोण बरोबर, कोण चूक हे सांगणं योग्य नाही. वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात आणि आपल्याला सेवेचे नियमही आहेत. मग करायचं काय? इतिहासाच्या पुस्तकाने आपली सोय करून ठेवली आहे. मवाळ आणि जहाल हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. तोच पाठ जरा सावकाश शिकवला, तर मुलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच सापडतं.

पूर्वज्ञान : दोघे कोण होते?

पाठ्यपुस्तकात टिळक जहाल गटात आणि गोखले मवाळ गटात असं येतं. मुलांना वाटतं की ही दोन टोकांची, एकमेकांना अनोळखी माणसं असावीत. म्हणून आधी साम्य सांगा.

दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले. टिळकांचा जन्म १८५६ चा, गोखल्यांचा १८६६ चा, म्हणजे दहा वर्षांचं अंतर. दोघेही आपल्यासारखेच शिक्षक! टिळक १८८० साली सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या संस्थापकांपैकी एक. गोखलेही पुढे त्याच शाळेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. दोघांनीही गणित शिकवलं. गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक तर त्या काळी बऱ्याच शाळांत वापरलं जाई. एकच गाव, एकच संस्था, एकच विषय आणि पुढे एकच पक्ष, काँग्रेस.

वादही बऱ्याच आधीपासून होते. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात दोन तट पडले. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाच्या ताब्यात गेली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा नावाची वेगळी संस्था काढली. १८९७ च्या प्लेगच्या वेळी गोखल्यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांच्या वागणुकीवर आरोप केले. ते सिद्ध करता येईनात म्हणून माफी मागितली. त्यावरून पुण्यात त्यांच्यावर सडकून टीका झाली. थोडक्यात, सुरतचं भांडण एका दिवसात पेटलेलं नव्हतं. सतरा वर्षं निखारे धुमसत होते.

वाद नेमका कशाचा होता?

इथे फळ्यावर तीन शब्द लिहा : मुद्दा, रीत, माणूस. कोणत्याही भांडणाकडे बघताना ही तीन खाती वेगळी करायची, एवढंच या पाठातून मुलांनी घरी न्यायचं आहे.

मुद्दा : १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. देशभर संताप होता. १९०६ च्या कोलकाता अधिवेशनात दादाभाई नौरोजी अध्यक्ष होते. त्यात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांबाबतचे ठराव झाले. जहालांना ही चतुःसूत्री जोरात आणि देशभर राबवायची होती. मवाळांना वाटत होतं की सनदशीर मार्गाने, पायरी-पायरीने गेलं तरच हाती काही पडेल, नाहीतर सरकार चळवळच चिरडून टाकेल. दोन्ही बाजूंच्या मनात देशच होता. मुलांना हे आवर्जून सांगा. मवाळ म्हणजे भित्रे आणि जहाल म्हणजे शूर अशी वाटणी आपण नकळत करतो, ती टाळा.

रीत : १९०७ चं अधिवेशन आधी नागपूरला ठरलं होतं. तिथे टिळकांच्या बाजूचा जोर होता. वाद वाढल्यावर जागा बदलून सुरत ठरली. यजमान प्रांतातला माणूस अध्यक्ष होत नसे, असा रिवाज होता. सुरत मुंबई इलाख्यात, आणि टिळकही मुंबई इलाख्यातलेच. म्हणजे टिळकांचं नाव आपोआप बाजूला पडलं. मग जहालांनी लाला लजपतराय यांचं नाव पुढे केलं, पण लालाजींनीच नकार दिला. मवाळांच्या मनात रासबिहारी घोष होते. त्यात ठरावांचे मसुदे प्रतिनिधींना वेळेवर मिळाले नाहीत. कोलकात्याचे ठराव पातळ करणार, असा संशय जहालांच्या मनात पक्का झाला.

माणूस : हे खातं थोडा वेळ रिकामं ठेवा. शेवटी भरायचं आहे.

सुरतच्या मंडपात काय घडलं?

२६ डिसेंबर १९०७. अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांचं नाव सुचवलं गेलं. अनुमोदन द्यायला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले आणि मंडपात इतका गोंधळ झाला की त्या दिवसाचं काम थांबवावं लागलं.

२७ तारखेला पुन्हा सभा भरली. टिळकांनी आपल्याला सूचना मांडायची आहे अशी चिठ्ठी स्वागताध्यक्षांकडे आधीच पाठवली होती. त्यांना बोलावलं गेलं नाही. अध्यक्षांची निवड झाल्याचं जाहीर झालं, घोष भाषणाला उभे राहिले, तेव्हा टिळक थेट व्यासपीठावर गेले. मला बोलू द्या, हा माझा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. आता वेळ गेली, असं व्यासपीठावरच्यांचं म्हणणं. टिळक हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. तेवढ्यात एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. पुढे खुर्च्या आणि काठ्या निघाल्या. शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला.

ज्या सरकारशी लढायचं, त्याच सरकारच्या पोलिसांना बोलवायची पाळी आली. हे वाक्य वर्गात म्हणून बघा. मुलं क्षणभर गप्प होतात.

जोडा मुलांच्या लक्षात राहतोच. पण त्याच गोंधळातली दुसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. हेन्री नेव्हिन्सन नावाचे इंग्रज पत्रकार त्या वेळी मंडपात हजर होते. त्यांनी लिहून ठेवलं आहे की टिळकांच्या अंगावर लोक धावून येत होते, तेव्हा गोखले दोन्ही हात पसरून त्यांच्या शेजारी उभे राहिले, त्यांना इजा होऊ नये म्हणून.

आता फळ्यावरचं तिसरं खातं भरा. मुद्द्यावर दोघे भांडले. रीत तर मोडलीच. पण माणूस? त्या क्षणी तरी माणूस राखला गेला.

भांडणाची किंमत कोणी मोजली?

२८ डिसेंबरला दोन्ही गट वेगवेगळे बसले. मवाळांनी आपली परिषद घेतली, जहालांच्या सभेचे अध्यक्ष अरविंद घोष होते. १९०८ मध्ये मवाळांनी काँग्रेससाठी नियमावली केली. सनदशीर मार्गाचं ध्येय मान्य करण्याची अट त्यात घातली आणि जहालांना दार बंद झालं.

सरकारला हेच हवं होतं. सहा महिन्यांच्या आत, जून १९०८ मध्ये, टिळकांना अटक झाली. सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला पाठवलं गेलं. अरविंद घोष त्याआधीच मे महिन्यात पकडले गेले होते. जहालांचे पुढारी तुरुंगात, आणि मवाळांच्या मागे पूर्वीसारखा जनतेचा जोर राहिला नाही. १९०९ च्या सुधारणांनी त्यांचीही निराशाच झाली. म्हणजे भांडणात जिंकलं कोण? हा प्रश्न मुलांना विचारा आणि उत्तराची घाई करू नका.

१९१४ मध्ये टिळक सुटून आले. समेटाचे प्रयत्न सुरू झाले, ॲनी बेझंट यांनी त्यात पुढाकार घेतला. पण तो पाहायला गोखले राहिले नाहीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते गेले, वय अवघं ४८. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी टिळक बोलले. त्यांनी गोखल्यांचा उल्लेख देशाचं आणि महाराष्ट्राचं रत्न असा केला आणि जमलेल्यांना त्यांचा कित्ता गिरवायला सांगितलं.

डिसेंबर १९१६ मध्ये लखनौला दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. १९०७ ते १९१६, नऊ वर्षं. मुलांना हिशेब असा सांगा : पहिलीत गेलेलं मूल नववी पास होईपर्यंत हा दुरावा टिकला.

आजच्या भांडणाकडे कसं बघावं?

मतभेद असणं हा दोष नाही. एका पक्षात हजारो माणसं असताना सगळ्यांचं एकच मत असेल, तर उलट काळजी वाटायला हवी. प्रश्न असा, की मतभेद मांडायला जागा आहे का? सुरतला चिठ्ठी पाठवूनही बोलायची संधी मिळाली नाही, म्हणून माणूस व्यासपीठावर चढला. पक्षात बैठका नीट होत नसतील, अंतर्गत निवडणुका नावापुरत्या असतील, तर नाराजी बाहेर येणारच. त्यात १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, तर आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते. पक्षांतर रोखायला हा कायदा आला, पण त्यामुळे सभागृहात वेगळं मत नोंदवणं अवघड झालं. मग उरतो तो कॅमेरा.

आणि पुष्कळदा मुद्दा नसतोच. उमेदवारी, मंत्रिपद, जिल्ह्यात वजन कोणाचं, एवढ्यावरच भांडण असतं. तेही मुलांना ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी एकच कसोटी द्या : "या भांडणातून नावं काढून टाकली, तर मागे काय उरतं?" सुरतमधून टिळक-गोखले ही नावं काढली, तरी स्वराज्य कोणत्या मार्गाने मिळवायचं हा प्रश्न उरतो. काही भांडणांत नावं काढली की काहीच उरत नाही.

वर्गात घेण्याच्या कृती (इयत्ता सातवी-आठवी)

१. दोन बातम्या : सुरतनंतर दोन्ही गटांनी आपापली हकिकत प्रसिद्ध केली होती. वर्गाचे दोन गट करा. एकाने मवाळ वार्ताहर म्हणून, दुसऱ्याने जहाल वार्ताहर म्हणून त्याच दिवसाची दहा ओळींची बातमी लिहायची. नंतर दोन्ही वाचून घटना कोणत्या आणि मतं कोणती ते अधोरेखित करायचं.

२. आधी समोरच्याचं : शाळेतलाच विषय घ्या, उदाहरणार्थ सहल गडावर की समुद्रावर. बोलणाऱ्याने आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. समोरचा "हो, हेच म्हणालो" असं म्हणाला, की मगच आपला मुद्दा मांडायचा. सुरुवातीला मुलांना हसू येतं, मग आवाज आपोआप खाली येतो.

३. नियम कोण करणार? : वर्गमंत्र्याच्या निवडणुकीआधी मुलांकडूनच पाच नियम लिहून घ्या : नाव कोण सुचवेल, बोलायला किती वेळ, बरोबरी झाली तर काय. भांडण सुरू झाल्यावर नियम करता येत नाहीत, हे त्यांना इथे पटतं.

स्वमतासाठी प्रश्न : टिळकांना बोलू दिलं असतं, तर फूट टळली असती का? दोन्ही बाजूंनी विचार करून लिहा. (उत्तर एकच नाही. कारण दिलं असेल तर गुण द्या.)

पालकांसाठी दोन शब्द

बातम्या बंद करू नका. मुलासोबत बसून बघा आणि विचारा, "हे कशावरून भांडताहेत? मुद्द्यावरून, पद्धतीवरून, की नुसते एकमेकांवर?" आपल्या आवडत्या नेत्यालाही हीच फूटपट्टी लावा. तिथे सूट दिलीत, तर मूल लगेच ओळखतं.

आणखी एक. भाऊबंदकी आपल्या घरांतही असते. बांधावरून, वाटणीवरून, लग्नाच्या मानपानावरून वर्षानुवर्षं न बोलणारी भावंडं मुलं पाहतच असतात. टीव्हीवरचं भांडण कसं बघावं हे सांगताना, काकाचं नाव आपण घरात कसं घेतो याकडेही लक्ष असू द्या. नागरिकशास्त्राचा पहिला तास घरीच होतो.

पाठ घेतल्यावर तुमच्या वर्गातल्या मुलांनी काय उत्तरं दिली, ते नक्की कळवा.